चंद्रावर न गेलेला आर्मस्ट्राँग

लांबच्या देशांची डीआरएम, म्हणजे शॉर्टवेव्हवरची डिजिटल स्टेशनं पकडायचा मला नाद आहे. रेडिओतला ४५५ किलोहर्ट्झचा सिग्नल १२ वर उतरवून साउंड कार्डला द्यायचा, बाकी सॉफ्टवेअर बघतं. मुळात आलेला सिग्नल ४५५ वर उतरवणारं सुपरहेटरोडाइन सर्किट मात्र एडविन आर्मस्ट्राँगचं, १९१८ सालचं!

जन्म न्यूयॉर्कचा, १८९०. कोलंबियात इंजिनिअरिंग करतानाच, १९१२ मध्ये, त्याने ट्यूबचं आउटपुट परत इनपुटला जोडून क्षीण सिग्नल कैकपट वाढवला. (आपण त्या वयात जर्नलं उतरवतो!) डिसेंबर १९२१ मध्ये त्याने आणि त्याच्या हौशी मित्रांनी अमेरिकेतून पाठवलेले संकेत पॉल गॉडलीने स्कॉटलंडमध्ये तंबूत बसून ऐकले. रिसीव्हर अर्थातच सुपरहेट.

१९३३ मध्ये एफएमची पेटंटं मिळाली आणि पुढे बलाढ्य आरसीएशी बिनसलं. कंपनीचा प्रमुख सार्नॉफ त्याचा जुना दोस्त, बायको मॅरियन त्याच सार्नॉफची एकेकाळची सेक्रेटरी. १९४८ ला केस घातली. त्यात पैसा गेला, संसार विस्कटला. ३१ जानेवारी १९५४ ला त्याने आत्महत्या केली.

मॅरियनने मात्र खटले सोडले नाहीत. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, ती १९६७ मध्ये जिंकली.