कावसजीचे नाक

बी. ए. द्वितीय वर्ष

आपल्या भाषेत नाकाला फार मान आहे. नाक वर करून चालणे, नाक मुरडणे, नाक घासणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे नाक कापले जाणे! माणसाची सारी अब्रू जणू या एवढ्याशा अवयवावर तोललेली असते. म्हणूनच जुन्या काळी शत्रूला, गुन्हेगाराला, किंवा जिच्यावर संशय आला त्या स्त्रीला जन्माची अद्दल घडवायची असली की तिचे वा त्याचे नाक कापीत. जीव जात नसे, पण माणसांत वावरणे संपत असे. अशाच एका नाक कापल्या गेलेल्या साध्या माणसाचे चरित्र मी येथे सांगणार आहे. तो राजा नव्हता, सरदार नव्हता, संतही नव्हता. तो बैल हाकणारा होता. तरीही जगातल्या कोणत्याही देशात प्लास्टिक सर्जरीचा इतिहास लिहिला गेला, तर त्यात त्याचे नाव येतेच. ते नाव म्हणजे कावसजी.

इंग्रजांच्या लिखाणात त्याची ओळख शेतकरी जातीचा मराठा अशी दिली आहे. कावसजी हे नाव ऐकून तो पारशी असावा असे वाटते. परंतु मराठ्यांत कावजी हे नाव जुने आहे. इंग्रजी कानाने त्याचेच कावसजी केले असावे, असा आपला माझा तर्क आहे.

काळ १७९० ते १७९२ चा. पुण्यास सवाई माधवराव पेशवे होते आणि कारभार नाना फडणीस पाहत होते. म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम एकत्र आले होते. त्या काळच्या लढाया शिपायांच्या जोरावर जितक्या चालत, तितक्याच बैलांच्या जोरावर चालत. तोफा ओढायला बैल, धान्य वाहायला बैल, दारूगोळ्याला बैल. या बैलांमागे हजारो गरीब माणसे चालत असत. इतिहासात त्यांची मोजदाद नाही. त्यांपैकीच कावसजी हा इंग्रज फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडण्यात आले. त्याच स्थितीत तो श्रीरंगपट्टणजवळ असलेल्या मुंबईच्या फौजेत येऊन मिळाला.

हात गेला म्हणजे कष्टकऱ्याची भाकरी गेली. नाक गेले म्हणजे पंगतीतली जागा गेली. एक वर्षाहून अधिक काळ कावसजी नाकाशिवाय राहिला. हे एक वाक्य वाचायला सोपे आहे; पण बारा महिने म्हणजे बारा अमावास्या, एक पोळा, एक दिवाळी. त्या सणांना तो कोणाच्या दारी कसा गेला असेल?

यानंतर पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. तो माणूस पदवीधर डॉक्टर नव्हता. तो विटा करणाऱ्या जातीचा होता, म्हणजे आपल्या बोलीत कुंभार. त्याची पद्धत अशी होती. आधी मेणाची एक पातळ चकती नाकाच्या जागी बसवून मापाची करायची. मग ती कपाळावर सपाट पसरून तिच्या कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी कपाळावरून सोडवायची, पण पुरती नव्हे. दोन भुवयांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. उरलेल्या नाकाच्या जुन्या व्रणाची कड खरवडून ताजी करायची आणि वरच्या ओठावर छेद घ्यायचा. मग कपाळाची कातडी फिरवून खाली आणायची आणि त्या ताज्या कडांत बसवायची. वर पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस काही हलवायचे नाही. त्यानंतर तुपात भिजवलेली कापडे. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती पट्टी कापायची. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. हे सारे कावसजीने शुद्धीवर राहून सोसले.

ती पट्टी पंचवीस दिवस का ठेवायची, हे मला प्रथम उमगले नाही. नंतर वाचले तेव्हा कळले की सारी विद्या त्या पट्टीतच आहे. कातडी एकदम तोडून दुसरीकडे चिकटवली, तर एवढ्या जाड कातडीला रक्त मिळत नाही आणि ती काळी पडून मरते. पट्टीतून जुन्या जागेचे रक्त तिला मिळत राहते. तोवर नव्या जागेतल्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. ती नव्या जागेची झाली की मगच जुनी जोड तोडायची.

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार त्या वेळी या भागात होता. पेशव्यांचे आणि नानांचे चित्र काढणाऱ्या याच हाताने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचेही चित्र काढले. तेव्हा शस्त्रक्रियेला दहा महिने झाले होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये या शस्त्रक्रियेची हकिकत चित्रासह छापून आली. मुंबई इलाख्यातील क्रुसो आदी इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा कावसजी कंपनी सरकारचा पेन्शनर होता. म्हणजे त्याला नाक मिळाले, आणि पोटापुरते मानाने मिळण्याची सोयही झाली.

त्या पत्रात डॉक्टरांची नावे आहेत, रोग्याचे नाव आहे. नाही ते फक्त शस्त्रक्रिया करणाऱ्याचे. त्याची केवळ जात दिली आहे. ही ओळ वाचताना मी थबकले, कारण आमचेही घर कुंभाराचे. आजोबा चाकावर गाडगी-मडकी करीत. ती विकेनाशी झाली तेव्हा वडील विटा थापू लागले. माती किती ओली हवी, कोठे दाबावी, कोठे नुसता हात फिरवावा, हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवलेले नाही. पुढे कळले की प्लास्टिक सर्जरीतला प्लास्टिक हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ मातीसारखे घडवणे, आकार देणे असा आहे. त्या अनाम माणसाच्या धंद्याला याहून योग्य नाव कोणते?

ही विद्या त्याच्याकडे आकाशातून पडली नव्हती. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक जोडण्याचे वर्णन आहे. तेथे माप घेण्यासाठी झाडाचे पान सांगितले आहे. पोथी पंडितांकडे राहिली, हातोटी कारागिरांकडे आली. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने ती हकिकत वाचून आधी मृतदेहांवर सराव केला. ऑक्टोबर १८१४ मध्ये त्याने पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कपाळाच्या कातडीने नाक करण्याला आजही भारतीय पद्धत म्हणतात.

पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या जटलंडच्या आरमारी लढाईत दारूच्या भडक्याने अनेक खलाशांचे चेहरे भाजले. त्यांना नवे चेहरे देण्याचे काम हॅरोल्ड गिलीज यांनी केले. १९१७ मध्ये त्यांनी कातडीच्या पट्टीची नळी शिवण्याची युक्ती काढली. नळीमुळे जंतूंना शिरकाव होईना आणि रक्त वाहते राहिले. तत्त्व मात्र पुण्याचेच: नवे रक्त मिळेपर्यंत जोड तोडायची नाही.

भाजणे ही आमच्याकडे दूरची गोष्ट नाही. माझ्या मावशीचा पदर चुलीच्या जाळाने पेटला, तेव्हा मी लहान होते. भाजणे वरवरचे असेल तर कातडीच्या खोल थरात उरलेल्या केसांच्या मुळांतून आणि घामाच्या ग्रंथींतून नवी कातडी उगवते. खोल भाजले तर ती मुळेच जळतात. मग मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावावी लागते. मावशीला संभाजीनगरला नेऊन ती लावली. जखम भरली, पण भरताना व्रण आवळत गेला आणि मानेची कातडी ताणून हनुवटी खाली ओढली गेली. मान सोडवण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया, मग गळ्याला पट्टा, घट्ट कपडे आणि रोजचा व्यायाम. दोन वर्षे गेली. भाजल्याबरोबर वीस मिनिटे साधे गार पाणी ओतावे, शाई किंवा टूथपेस्ट लावू नये, हे आमच्या गावाला त्या वेळी कोणी सांगितले नव्हते.

परंतु मावशीला सर्वांत जड गेले ते हळदी-कुंकवाला जाणे. बायका तिला बोलवीत, आणि नजर चुकवीत. येथे मला इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड गावाची आठवण येते. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांवर तेथे आर्चिबाल्ड मॅकिंडो उपचार करीत. मिठाच्या पाण्याचे स्नान, कातडीचे रोपण हे तर होतेच. शिवाय त्यांनी गावकऱ्यांना तयार केले. या तरुणांना घरी बोलवा, त्यांच्याकडे टक लावू नका, असे सांगितले. १९४१ मध्ये त्या रुग्णांनी आपले मंडळही काढले. अर्धा उपचार दवाखान्यात झाला, अर्धा गावाने केला.

गिलीज यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशीर अंतिया भारतात परतले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोगाने बसलेली नाके आणि वाकडी झालेली बोटे त्यांनी सरळ केली, भाजलेल्यांवर उपचार केले आणि पुढे खेड्यांच्या आरोग्यासाठी काम केले. त्यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये ते वारले. पुण्याहून लंडनला गेलेली विद्या अशी महाराष्ट्रात परत आली.

कावसजीच्या चरित्रातून मी एवढेच घेते. मोडलेला माणूस एका दिवसात उभा राहत नाही. नव्या आयुष्यातून त्याला रक्त मिळू लागेपर्यंत जुनी एक पट्टी जोडलेली ठेवावी लागते. ती पट्टी कधी माहेर असते, कधी पेन्शन, कधी शेजारणीने सरळ डोळ्यांत पाहून विचारलेली खुशाली. सर्जनच्या हातात सुरी आहे. ही पट्टी मात्र आपल्या सर्वांच्या हातात आहे, आणि ती घाईने कापण्याचा अधिकार कोणालाच नाही.