कारून : खजिना गेला, धडा राहिला

कुणाकडे फार पैसा असला की आपल्या घरांत कारूनचा खजिना म्हणतात. पण हा कारून होता कोण?

कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये (आयत ७६ ते ८२) त्याची हकीकत आहे. कारून परका नव्हता, हजरत मूसा (अलै.) यांच्याच कौमचा, बनी इस्राईलचा होता. काही मुफस्सिरांनी तर त्याला त्यांचा चुलतभाऊ म्हटलं आहे. तरी तो आपल्याच लोकांवर शिरजोरी करायचा. अल्लाहने त्याला इतकं दिलं होतं की खजिन्याच्या चाव्या उचलताना धट्ट्याकट्ट्या माणसांचा जथाही वाकायचा.

लोकांनी त्याला समजावलं. माजू नकोस, आखिरत कमव, दुनियेतला आपला वाटाही विसरू नकोस. पण अल्लाहने तुझं भलं केलं तसं तू इतरांचं कर, जमिनीवर फसाद माजवू नकोस. म्हणजे दौलत हा गुन्हा नव्हता. गुन्हा होता त्याच्या उत्तरात : हे सगळं मला माझ्या इल्ममुळे मिळालं, असं तो म्हणाला.

एके दिवशी तो थाटामाटात कौमसमोर निघाला. दुनियेवर भाळलेल्यांना वाटलं, आपलंही नशीब असंच असावं. ज्यांना इल्म होतं त्यांनी त्यांना टोकलं. शेवटी कारून घरासकट जमिनीत गडप झाला. जथा, माल, कुणीच कामी आलं नाही. काल हेवा करणाऱ्यांना तेव्हा कळलं की अल्लाहचा फजल नसता तर आपणही गेलो असतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पायाखाली कोळसा आहे, सुरजागडच्या डोंगरात लोखंड आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गेलं. माणसं वेळीच बाहेर पडल्याने वाचली. त्या भागात खाली जुनी कोळसा खाण होती. अशा वेळी कारूनची आयत त्या गरीब कुटुंबावर लावू नये. जमीन ज्याच्या घराखाली खचते तो कारून नसतो. ती आयत आधी स्वतःवर लावून बघायची असते.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे जंगलाच्या दौलतीची चावी एकाच्या हाती नाही, ग्रामसभेच्या हाती आहे. अमानत म्हणजे काय, हे तिथे बघायला मिळतं.

कारून एकच होता, त्याचा हेवा करणारे पुष्कळ होते. आज लग्नातला थाट, शेजाऱ्याची नवी गाडी बघून मनात जे येतं, ते त्याच गर्दीतलं असतं. मुलांना ही हकीकत सांगताना खजिन्याइतकंच या गर्दीबद्दलही सांगा. आणि आपल्या कमाईतली जकात वेळेवर निघते का, तेही बघा.