मताच्या मोलाचे अभ्यासक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

प्रास्ताविक

निवडणुकीच्या दिवशी आपण मतदान केंद्रावर जातो, बोटाला शाई लावून घेतो आणि मत देतो. श्रीमंत असो वा गरीब, साक्षर असो वा निरक्षर, प्रत्येकाच्या मताचे मोल सारखेच असते. हा हक्क आज सहज वाटतो. परंतु त्यामागे दीर्घ विचार आणि संघर्ष आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधानाचे शिल्पकार म्हणून आपल्या परिचयाचे आहेत. या पाठात आपण मताधिकार, निवडणूक पद्धती आणि राजकीय पक्ष यांचे अभ्यासक म्हणून त्यांची ओळख करून घेणार आहोत.

पाठ

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. अस्पृश्यतेचे चटके सोसत बाबासाहेबांनी शिक्षण घेतले. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन १९१२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्येही त्यांनी उच्च शिक्षण घेतले.

१९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्या वेळी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. मताचा हक्क तेव्हा मालमत्ता आणि कर यांवर अवलंबून असे. ज्याच्याजवळ जमीन नाही आणि धंदा करण्याची मोकळीकही नाही, त्याला या नियमाने मत मिळणे शक्य नव्हते. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट सौम्य करावी आणि त्यांना स्वतःचे प्रतिनिधी निवडता यावेत, अशी मागणी त्यांनी केली. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे तर त्यांनी सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मताचा हक्क मागितला.

केवळ मत मिळून भागत नाही. ते कसे मोजले जाते यावरही त्याचे मोल ठरते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. एखाद्या मतदारसंघात दलित मतदार थोडे असतील, तर त्यांना नको असलेला उमेदवारही इतरांच्या मतांवर त्यांचा प्रतिनिधी म्हणून निवडून येऊ शकतो. म्हणून गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह धरला. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने ही मागणी मान्य केली. तिच्या विरोधात महात्मा गांधींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले. अखेर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. मात्र प्रांतिक कायदेमंडळांत दलितांसाठी १४८ राखीव जागा ठरल्या. दलित मतदारांनी आधी चार उमेदवार निवडावेत आणि त्यांतून एकाची निवड सर्व मतदारांनी करावी, अशी योजना करण्यात आली. अंतिम निर्णय मात्र बहुसंख्य मतदारांच्याच हाती राहिला, ही खंत बाबासाहेबांना पुढेही वाटत राहिली.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पुढील वर्षी झालेल्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाचे बहुतेक उमेदवार विजयी झाले. एकाहून अधिक जागा असलेल्या तेथील मतदारसंघांत मतदाराला जागांइतकी मते असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देता येत. थोड्या संख्येच्या गटाला एकजुटीने आपला माणूस निवडून आणण्याची संधी या पद्धतीत होती. १९४२ मध्ये नागपूर येथे त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना केली.

संविधान तयार होत असताना या अभ्यासाचा उपयोग देशाला झाला. देशासाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत स्वीकारावी, अशी सूचना संविधान सभेत आली होती. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. साक्षरता कमी असलेल्या देशात ती पद्धत अवघड ठरेल आणि सरकारे स्थिर राहणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. जून १९४९ मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाचा बदल सुचवला. काही प्रांतांत परक्या भाषेच्या वा वंशाच्या लोकांना मतदार यादीतून वगळले जात असल्याच्या तक्रारी होत्या. म्हणून राज्यांच्या निवडणुकांसह सर्व निवडणुका एकाच स्वतंत्र निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली घ्याव्यात, असे त्यांनी मांडले व ते मान्य झाले.

नियम घडवणाऱ्या या अभ्यासकाला स्वतःच्या निवडणुकीत मात्र पराभव पत्करावा लागला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर नारायण काजरोळकर यांनी त्यांचा चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. हा मतदारसंघ दोन जागांचा होता. मतदाराला दोन मते होती. पण आता ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. भंडारा जिल्हा त्या काळी जबलपूरप्रमाणेच जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता.

पराभवाने त्यांचा लोकशाहीवरील विश्वास डळमळला नाही. डिसेंबर १९५२ मध्ये पुण्यात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी आवश्यक अटी सांगितल्या. समाजात तीव्र विषमता नसावी, विरोधी पक्ष प्रबळ असावा आणि बहुमताने अल्पमतावर जुलूम करू नये, हे त्यांतील प्रमुख मुद्दे होते. राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांना अभ्यासाची जोड मिळावी म्हणून १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत प्रशिक्षण शाळाही सुरू केली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

मतदार यादीत नाव असणे, मत निर्भयपणे देता येणे आणि त्या मताला खरे मोल असणे या तीन गोष्टी एकत्र आल्या, तरच मताधिकार पुरा होतो. बाबासाहेबांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचे हेच सार आहे. म्हणून पुढच्या निवडणुकीपूर्वी मतदार यादीत आपले नाव आहे की नाही, हे आपण अवश्य पाहावे.

शब्दार्थ

मताधिकार – मत देण्याचा हक्क
राखीव जागा – विशिष्ट समाजघटकासाठी राखून ठेवलेली जागा
प्रमाणशीर प्रतिनिधित्व – मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा देण्याची पद्धत

स्वाध्याय

१. मालमत्तेवर आधारित मताधिकारामुळे अस्पृश्यांवर कोणता अन्याय होत होता?
२. सर्व निवडणुकांसाठी एकच स्वतंत्र आयोग असावा, असे बाबासाहेबांना का वाटले?