जुआंव सहावा

जुआंव सहावा (जन्म: १३ मे १७६७, लिस्बन, मृत्यू: १० मार्च १८२६, लिस्बन) हा पोर्तुगालचा राजा होता. इंग्रजी ग्रंथांत त्याचा उल्लेख जॉन सहावा असा आढळतो. त्याच्या कारकिर्दीत गोवा पोर्तुगीज साम्राज्याचा भाग होता. श्रवणदोषावर उपाय म्हणून बनविलेल्या ध्वनिसिंहासनामुळे श्रवणयंत्रांच्या इतिहासातही त्याचे नाव घेतले जाते.

== सत्ताग्रहण ==

जुआंव हा राणी मारिया पहिली व पेद्रो तिसरा यांचा मुलगा. १७८५ मध्ये त्याचा विवाह स्पेनची राजकन्या कार्लोता जोआकिना हिच्याशी झाला. थोरला भाऊ जोझे १७८८ मध्ये देवीच्या रोगाने मरण पावल्याने तो वारस ठरला. आईला मानसिक आजार जडल्यावर १७९२ पासून तो तिच्या वतीने कारभार पाहू लागला. १७९९ मध्ये त्याने अधिकृतपणे राजप्रतिनिधिपद स्वीकारले.

== ब्राझीलमधील वास्तव्य ==

नेपोलियनचे सैन्य लिस्बनजवळ पोहोचताच नोव्हेंबर १८०७ मध्ये जुआंव राजपरिवार व दरबारासह ब्रिटिश आरमाराच्या संरक्षणात ब्राझीलकडे निघाला. रिओ दि जानेरो ही साम्राज्याची राजधानी बनली. तेथे त्याने १८०८ मध्ये बंदरे परदेशी व्यापारास खुली केली आणि बँक, मुद्रणालय व वनस्पती उद्यान स्थापन केले. मात्र गुलामगिरी कायम राहिली. आईच्या मृत्यूनंतर १८१६ मध्ये तो राजा झाला.

== ध्वनिसिंहासन ==

हे आसन लंडनच्या एफ. सी. राइन यांनी १८१९ मध्ये तयार केले. त्याचे हात पोकळ असून त्यांची टोके जबडा उघडलेल्या सिंहमुखांच्या आकाराची होती. भेटीस आलेली व्यक्ती गुडघे टेकून सिंहमुखात बोले. तो आवाज पोकळीतून आसनातील ध्वनिपेटीत जाई आणि तेथून नळीद्वारे राजाच्या कानापर्यंत पोहोचे. अशा रीतीने राजाला आपले व्यंग फारसे उघड न करता संभाषण करता येई, आणि बोलणाऱ्यास दरबारी रिवाजानुसार नमावेही लागे. विजेवर चालणारी श्रवणयंत्रे येण्यापूर्वी आसनातच ध्वनिव्यवस्था बसविण्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

== गोव्याशी संबंध ==

त्याच्या राजप्रतिनिधित्वाच्या काळात, १८१२ मध्ये, गोव्यातील इन्क्विझिशन कायमचे रद्द झाले. १८२० च्या पोर्तुगालमधील उदारमतवादी क्रांतीचे पडसाद गोव्यातही उमटले. १८२१ मध्ये तेथील व्हाइसरॉयला पदच्युत करण्यात आले, तर पुढील वर्षी बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा यांच्यासह गोव्याचे प्रतिनिधी पोर्तुगालच्या संसदेवर निवडले गेले. दूरच्या प्रजेचे म्हणणे राजधानीत मांडण्याचा हा नवा मार्ग होता.

== अखेरचा काळ ==

क्रांतीमुळे जुआंवला १८२१ मध्ये लिस्बनला परतावे लागले. ७ सप्टेंबर १८२२ रोजी त्याचा मुलगा पेद्रो याने ब्राझीलचे स्वातंत्र्य जाहीर केले. पोर्तुगालने १८२५ मध्ये त्यास मान्यता दिली. पुढच्याच वर्षी जुआंवचा मृत्यू झाला. त्याच्या अवशेषांच्या तपासणीत २००० मध्ये आर्सेनिकचे मोठे प्रमाण आढळल्याने विषप्रयोगाच्या जुन्या संशयास पुष्टी मिळाली.