केळे, काठी आणि सुलतान

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या बहुतेकांना सुलतान नावाचा चिंपांझी आठवतो. शैक्षणिक मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘मर्मदृष्टी’ या प्रकरणात तो भेटतो, दोन काठ्या जोडतो, केळे ओढून घेतो आणि परीक्षेत पाच गुण मिळवून देतो. त्याच्यावर प्रयोग करणारे वुल्फगांग कोहलर मात्र त्या पानात नावापुरतेच उरतात.

कोहलर यांचा जन्म २१ जानेवारी १८८७ रोजी आजच्या एस्टोनियातील टॅलिन शहरात एका जर्मन कुटुंबात झाला. बालपण जर्मनीत गेले. बर्लिन विद्यापीठात मॅक्स प्लँक यांच्याकडे ते भौतिकशास्त्र शिकले आणि कार्ल श्टुम्फ यांच्या मार्गदर्शनाखाली १९०९ मध्ये त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. श्टुम्फ यांचा येथे मुद्दाम उल्लेख करायला हवा. बर्लिनमध्ये गणिते सोडवणाऱ्या ‘हान्स’ नावाच्या घोड्याचा त्या काळी फार बोलबाला झाला होता. त्याची तपासणी श्टुम्फ यांच्याच देखरेखीखाली झाली. घोड्याला गणित येत नव्हते. उत्तराचा आकडा जवळ आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी हालचाल तो टिपत होता आणि खूर आपटणे थांबवत होता. त्यामुळे प्राण्यांच्या बुद्धीविषयी बोलताना शास्त्रज्ञ दहादा विचार करू लागले. तिकडे अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत कोंडून असा निष्कर्ष काढला होता, की प्राणी धडपडत राहतात, चुकतात आणि योगायोगाने जमलेली युक्ती हळूहळू त्यांच्या अंगवळणी पडते. त्यांच्या मते त्यात समज नव्हती.

अशा वातावरणात, डिसेंबर १९१३ मध्ये, कोहलर पत्नी आणि मुलांसह आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर पोहोचले. प्रशियाच्या विज्ञान अकादमीने तेथे वानरांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले होते. कोहलर थोड्या काळासाठीच गेले होते; पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, परतीचा समुद्रमार्ग बंद झाला आणि ते सहा वर्षे तेथेच अडकले. या जर्मन माणसाविषयी हेरगिरीचा संशयही घेतला गेला. तो कधी सिद्ध झाला नाही.

कोहलर यांचा थॉर्नडाइक यांच्यावरचा आक्षेप साधा होता. पेटीची कडी कशी चालते हे मांजराला दिसतच नसेल, तर ते धडपडण्याखेरीज काय करणार? माणसालाही अशा पेटीत ठेवले तर तोही आधी हातपायच झाडेल. म्हणून त्यांनी कोडे असे मांडायचे ठरवले, की सुटकेसाठी लागणारे सारे डोळ्यांसमोर असेल, फक्त सरळ वाट बंद असेल. कोंबड्या, कुत्रा आणि सव्वा वर्षाची एक मुलगी यांच्यावरही त्यांनी हे करून पाहिले. जाळीपलीकडे खाऊ ठेवला तर मुलगी क्षणभर थांबून वळसा घालून जाई. कोंबड्या जाळीलाच धडका देत राहत. कुत्र्याची गोष्ट मजेशीर आहे. खाऊ लांब टाकला तर कुत्रा झटकन वळसा घेई. पण अगदी नाकासमोर, जाळीला लागून टाकला तर तो तेथेच नाक घुसवत अडून बसे. आमिष फार जवळ आले की अक्कल चालेनाशी होते, हा अनुभव कुत्र्यांपुरता नाही.

चिंपांझींमध्ये ग्रान्डे ही खोके एकावर एक रचण्यात पुढे होती. चिका सरळ उभ्या केलेल्या काठीवर, ती कोसळण्याआधी, सरसर चढून फळ हिसकावी. राना मात्र मंदच होती. सगळे चिंपांझी सारखे हुशार नसतात, ही नोंद कोहलर यांनी आवर्जून केली. सुलतान सर्वांत चलाख होता. एकदा तर त्याने चक्क माणसाला हाताला धरून फळाखाली ओढत नेले आणि खांद्यावर चढला.

काठ्यांचा प्रसिद्ध प्रयोग पाठ्यपुस्तकात वाटतो तितका झटपट घडला नाही. सुलतान तासाहून अधिक वेळ अपयशी ठरला. कोहलर यांनी पोकळ काठीच्या तोंडात बोट घालून इशाराही करून पाहिला; उपयोग झाला नाही. शेवटी सुलतानने नाद सोडला आणि कोहलरही निघून गेले. नंतर खोक्यावर बसून सुलतान काठ्यांशी नुसता चाळा करत होता. खेळता खेळता दोन्ही टोके एका रेषेत आली, त्याने बारीक काठी जाड काठीत खुपसली आणि तो तत्काळ गजांकडे धावला. हा क्षण पाहिला तो राखणदाराने. कोहलर यांना तो त्याच्याकडूनच कळला आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले. ही प्रामाणिक नोंद नसती, तर विरोधकांना पुढे तक्रारीला इतकी जागाच मिळाली नसती.

१९१७ मध्ये हे संशोधन ग्रंथरूपाने आले. मर्यादाही त्यात स्पष्ट आहेत: काठी आणि केळे एका नजरेत येत नसतील तर चिंपांझी अडखळतो; मनोरा रचताना त्याला तोल कळत नाही; भाषा नसल्याने आठवणी आणि बेत यांचा त्याचा पल्ला तोकडा राहतो. एकटा ठेवलेला चिंपांझी हा खरा चिंपांझीच नव्हे, असेही त्यांचे मत झाले. पुढे १९४५ मध्ये हर्बर्ट बर्च यांनी दाखवले, की काठ्यांशी आधी खेळायला मिळालेल्या चिंपांझींनाच ती ‘अचानक’ युक्ती सहज सुचते. सुलतानचा तो चाळा वाया गेला नव्हता तर!

१९२० मध्ये केंद्र बंद झाले. चिंपांझी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात गेले. कोहलर १९२२ पासून बर्लिनच्या मानसशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. मॅक्स वेर्थायमर आणि कुर्ट कोफ्का यांच्यासह समष्टिवादी मानसशास्त्राचे ते आधारस्तंभ होते.

एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू प्राध्यापकांना काढून टाकायला सुरुवात केली. बहुतेक सहकारी गप्प राहिले. कोहलर ज्यू नव्हते. गप्प राहणे त्यांना सोयीचे होते. २८ एप्रिलला त्यांनी एका बर्लिन दैनिकात या हकालपट्टीविरुद्ध उघड लेख लिहिला. अटक होणार या खात्रीने ते आणि सहकारी त्या रात्री वाद्ये घेऊन वाजवत बसले. कोणी आले नाही. मात्र संस्थेत झडत्या झाल्या, त्यांचे साहाय्यक काढले गेले आणि १९३५ मध्ये राजीनामा देऊन ते अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात गेले. १९५९ मध्ये ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले.

टेनेरिफच्या नोंदींत एक छोटा परिच्छेद आहे. चिंपांझी गजांबाहेर मुंग्यांच्या रांगेवर गवताची काडी धरत आणि काडीवर चढलेल्या मुंग्या चाटून खात. कोणी शिकवले नव्हते. १९६० मध्ये जेन गुडॉल यांनी गोम्बेच्या जंगलात वाळवीच्या वारुळात काड्या खुपसणारे चिंपांझी पाहिले, तेव्हा कोहलर ७३ वर्षांचे होते. ११ जून १९६७ रोजी न्यू हॅम्पशायरमधील एनफिल्ड येथे त्यांचे निधन झाले.