कुंडीतला वाटाणा आणि फाळके

विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या आरंभी लंडनला गेले आणि एप्रिलमध्ये परतले. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडणारे यंत्र एवढे जमले. चित्रपट काढण्याइतका पैसा मात्र उरला नाही. भांडवलदार तर काही पाहिल्याशिवाय पैसे सोडणार नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज एकेक चित्र घेतले. मातीतून कोंब वर येऊन त्याचा वेल होतानाचा तो चमत्कार ज्यांनी पाहिला, त्यांच्यापैकी एकाने कर्ज देण्याचे मान्य केले. नट नको, नेपथ्य नको. लागला तो फक्त धीर.

हा धीर आणि ही हातोटी एका दिवसात आलेली नव्हती. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर वडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण असे नाना हुन्नर त्यांनी आत्मसात केले. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय केला. तेथेच प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले, लोणावळ्याला छापखाना काढला. संसाराच्या हिशेबात हे सारे धरसोडीचेच वाटावे. पण ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना त्यातले काहीही वाया गेले नाही. ज्या कामाला स्वतंत्र माणूस नेमायला पैसा नव्हता, ते त्यांना स्वतःला येत होते. कॅमेरा थांबवून पात्र बाजूला केले आणि हँडल पुन्हा फिरवले, की पडद्यावर देव अंतर्धान पावत. जादूगाराला त्यासाठी वेगळा खर्च कशाला?

चित्रीकरण उन्हाच्या उजेडात चाले. स्त्रीभूमिकेला कोणी बाई तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

या काटकसरीचा भार सर्वाधिक पडला तो सरस्वतीबाईंवर. अंगावरचे दागिने गेले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे, आणि रात्री दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात फिल्मला छिद्रे पाडणे! त्यांच्या श्रमाचे मोल कोणत्याही जमाखर्चात लागलेले नाही.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट झळकला आणि यशस्वी ठरला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता, दोघेही साकारले, लोकांनी तेही मानून घेतले.

विपरीत असे, की पैसा आल्यावर अडचणी वाढल्या. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली आणि खर्चावरून खटके उडू लागले. स्वतःच्या घरात हवा तितका वेळ घेऊन कोंबाची वाट पाहणारा माणूस दुसऱ्याच्या हिशेबवहीत मावला नाही. वैतागून ते काशीला गेले, परतले. पण जुनी मोकळीक हाती लागली नाही. कोल्हापूरला काढलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ चा. त्यानंतर ते नाशिकला राहिले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच वारले.