बिनपगारी पक्षिशास्त्रज्ञ

नाहूरच्या पश्चिमेस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि पूर्वेस मिठागरे ओलांडली की ठाण्याची खाडी लागते. या खाडीतील रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले, आणि नाहूरलाच महापालिकेने पक्षी उद्यान उभारावे असा प्रस्तावही गेल्या काही वर्षांत पुढे आला. पक्ष्यांविषयी महानगराला एवढी आस्था वाटू लागली ही समाधानाची गोष्ट होय. परंतु या आस्थेमागे जी माहिती लागते, म्हणजे कोणता पक्षी केव्हा येतो, कोठून येतो, काय खातो, ती बव्हंशी कोणत्याही सरकारी खात्याने जमविलेली नाही. ती जमविली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी नावाच्या एका खासगी संस्थेने, आणि त्या संस्थेसाठी आयुष्य वेचणाऱ्यांत डॉ. सालिम अली यांचे नाव सर्वांत मोठे आहे.

ही संस्था १८८३ च्या सप्टेंबरात आठ मुंबईकरांनी स्थापन केली. त्यांत दोघे हिंदी होते आणि दोघेही मराठी डॉक्टर. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. प्रारंभीच्या सभा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात भरत. पुढे फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याने आपल्या पेढीत जागा दिली आणि तेथेच संस्था वाढली. पगारी अभिरक्षक असे, पण चिटणिसाचे काम मानद. दिवसा दारूच्या पेट्यांचा हिशेब पाहणारा गृहस्थ संध्याकाळी सापांच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावी. यात त्या काळी कोणालाही विसंगती वाटली नाही.

असेच एक मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड. त्यांच्यासमोर एके दिवशी खेतवाडीतला एक शाळकरी मुलगा बिचकत उभा राहिला. त्याने छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली होती, पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मिलर्डसाहेबांनी पीतकंठी चिमणी ओळखली, मुलाला भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, वाचायला पुस्तके दिली. एखाद्या पगारी अधिकाऱ्याने त्या मुलास कचेरीच्या दारातूनच परत पाठविले असते, असा संशय घेण्यास जागा आहे.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. सुलेमानी बोहरा कुटुंबातले हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी भावंडांना वाढविले. प्रकृती तोळामासा, अभ्यासात गती बेताची. १९१३ साली ते मॅट्रिक झाले, नंतर कौटुंबिक व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले. तेथे खाणी आणि इमारती लाकूड यांपेक्षा रानातील पक्ष्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक. १९१७ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र यांचा अभ्यास आरंभिला. सेंट झेवियर कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक फादर ब्लॅटर यांनी मात्र या तरुणाचा कल हेरला आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळविले. म्हणून सकाळी जमाखर्च आणि नंतर प्राणिशास्त्र असा दुहेरी क्रम सुरू झाला. फादर ब्लॅटर हे स्वतः नॅचरल हिस्टरी सोसायटीचे बिनपगारी कार्यकर्ते होते. महाविद्यालयातील वेतन आणि सोसायटीतील कष्ट अशी विभागणी करणाऱ्या व्यावसायिक शास्त्रज्ञांची एक परंपराच त्या कॉलेजात निर्माण झाली होती. पुढच्या पिढीत फादर सांतापाऊ यांनी ती चालविली. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद भूषविणाऱ्या या विद्वानाने सोसायटीच्या नियतकालिकाच्या संपादनातही भार उचलला.

ब्रह्मदेशातील व्यवसाय बुडाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती, पण पदवी नसल्याने तीही मिळाली नाही. अखेर १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर नेमणूक झाली. आपले ज्ञान अपुरे आहे हे जाणवल्याने रजा काढून ते बर्लिनला एर्विन स्ट्रेझमन यांच्याकडे शिकावयास गेले. १९३० मध्ये परतून पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

एखाद्याने येथे पक्ष्यांचा नाद सोडला असता. सालिम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहावयास गेले. तेथे सुगरणींची वसाहत होती. शिडीवर बसून त्यांनी सबंध हंगाम तिचे निरीक्षण केले. नर अनेक घरटी अर्धवट विणतो, मादी येऊन एक पसंत करते, मग तो ते पुरे करतो आणि तिचा संसार मांडून झाला की पुढच्या घरट्यास हात घालतो, हा क्रम त्यांनी नोंदविला. आपल्या बहिणाबाईंना सुगरण पक्षिणीचे कौशल्य दिसले. विणकर प्रत्यक्षात नर असतो हे या बेकार माणसाच्या टिपणांनी सविस्तर मांडले.

यानंतर त्यांनी सोसायटीपुढे एक अजब देकार ठेवला. संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करू. फक्त प्रवास आणि छावणी यांचा खर्च मिळावा. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा पाहण्या अशाच झाल्या. तेहमिनाबाई बहुतेक छावण्यांत बरोबर असत. खर्च संस्थानिकांचा, श्रम सालिम अलींचे आणि ज्ञान सर्वांचे, असा हा व्यवहार होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत अशा श्रमाला स्थान नाही. मोबदला दिला गेला नाही म्हणजे काही निर्माणच झाले नाही, असे ते गणित मानते. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाई वारल्या. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुणे यांच्या घरी, वांद्र्याच्या पाली हिलवर, त्यांचे उर्वरित आयुष्य गेले.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. नेहरूंनी तुरुंगात असताना ते आपल्या मुलीस पाठविले. ही गोष्ट नुसती गमतीची नाही. स्वातंत्र्यानंतर प्रेटर, मॅककॅन यांच्यासारखी जाणती मंडळी देश सोडून गेली, वर्गणीदार घटले, तिजोरी रिकामी झाली आणि संस्था बंद पडते की काय अशी वेळ आली. तेव्हा सालिम अलींनी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि मदत मिळाली. १९६५ मध्ये केंद्राच्या साहाय्याने संग्रहालयाच्या आवारात हॉर्नबिल हाउस उभे राहिले. एका पुस्तकाने मिळविलेली ओळख संस्थेच्या कामी आली खरी, पण वर्गणीवर चालणारी संस्था अनुदानावर चालू लागली, ही त्या मदतीची दुसरी बाजू होती.

तिची किंमत पुढे कळली. शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली क्यासनूर रोग आढळल्यावर पक्षी तो वाहून आणतात काय, हे पाहणे निकडीचे झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशाने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचे काम सुरू झाले. स्थलांतराविषयी भारताला अमोल माहिती मिळाली ती येथून. परंतु अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाचाही पैसा त्यात आला, तेव्हा जैविक युद्धाच्या शंका निघाल्या आणि १९७० च्या दशकात प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत पोहोचले. सालिम अलींच्या हेतूंवर शिंतोडे उडविणे अन्याय्य होते. तथापि परक्या लष्कराचा पैसा घेताना त्यांनी आणि संस्थेने अधिक सावध असावयास हवे होते, हेही नमूद केले पाहिजे. आपले काम शुद्ध आहे, मग पैसा कोणाचा का असेना, अशी निःस्वार्थी माणसांची समजूत असते. ती त्यांचीही होती.

सर्वांनीच त्यांच्याशी जुळवून घेतले असे नाही. अनेक वर्षे मानद चिटणीस राहिलेले त्यांचे आप्त हुमायून अब्दुलअली यांच्याशी मतभेद झाले. बिनपगारी कार्यकर्त्यांचे भांडण मिटविणे पगारी नोकरांच्या भांडणापेक्षा अवघड, कारण तेथे कोणीच कोणाचा साहेब नसतो.

रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. पदवी नसल्याने ज्याला जागा नाकारली गेली, त्याच्या हाताखाली मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी पक्षिशास्त्रात पदव्या घेऊ लागले. १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व मिळाले. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम हाती आली तेव्हा त्यांनी ती सोसायटीतील निसर्गसंरक्षण निधीसाठी वापरली. स्वतःच्या प्रवासखर्चाचा हिशेब मात्र ते पैशापैशाने ठेवीत आणि छावणीतील उधळपट्टीवरून तरुणांना फैलावर घेत. दावर कॉलेजातील जमाखर्चाचे शिक्षण अगदीच वाया गेले नव्हते.

२० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी, अनेक दशके कोणाच्याही दृष्टीस न पडलेला जेर्डनचा धाविक सोसायटीच्या माणसांना आंध्र प्रदेशात पुन्हा सापडला होता. तो शोधून काढा असा लकडा नव्वदीच्या घरातल्या सालिम अलींनीच लावून धरला होता.